आधी आईला

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि प्रसूतिकक्ष त्यांच्या भाचीच्या हाती आला, तेव्हा डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी मनातल्या मनात हुश्श केलं.

साहजिकच होतं म्हणा. बाईंच्या कडक इस्त्रीला सगळं रुग्णालय वचकून असायचं. पेशंटला कुणी "अमक्याची बायको" म्हणून हाक मारली, की "तिला स्वतःचं नाव आहे," असं भल्याभल्या सर्जनला ऐकवायच्या. नवऱ्यांनी टाकलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी हाताशी धरून नर्स केलं. लग्न झालं की नर्सने नोकरी सोडायची, हा नियम भांडभांड भांडून मोडीत काढला. पण त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट एकच: बातमी आधी आईला.

पूर्वी मूल जन्मलं रे जन्मलं, की आया व्हरांड्यात धाव ठोकायची. आतली बाई कानोसा घेत पडून राहायची. बाहेर जल्लोष झाला तर मुलगा, चिडीचूप झालं तर मुलगी. ती शांतता ऐकून एकजण भिंतीकडे तोंड करून रडली, आणि त्या दिवसापासून मोठ्या सिस्टरांनी दाराला कडी घातली. आईने मूल कुशीत घेऊन "सांगा आता" म्हटल्याशिवाय ती निघत नसे.

भाची मात्र स्वभावाने गरीब गाय. त्यात पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाच्या अध्यक्षांची सून बाळंतपणाला आली. अधीक्षकांनी भाचीला बाजूला घेतलं.

"आजच्यापुरता तो नियम गुंडाळून ठेवा. साहेबांना पहिली बातमी हवीय. तुमची जागा अजून कायम झालेली नाही, लक्षात आहे ना?"

दुपारी बाळाने टाहो फोडला आणि लगेच दार वाजलं.

"काय झालं? मी विचारतोय!" बाहेरून अध्यक्ष गरजले.

भाचीचा हात कडीवर गेलासुद्धा. सहज मागे पाहिलं, तर घामाने डबडबलेली सून मान उचलून दाराकडेच कान लावून होती. हात आपोआप खाली आला.

"साहेब, आधी आईला," भाची म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला स्वतःला ओळखू येईना.

"मी अध्यक्ष आहे इथला!"

"हो साहेब. बाकावर बसून घ्या."

नोकरी गेली, हे ती धरूनच चालली. तेवढ्यात बाहेर अध्यक्षांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, बसा की गप्प! चार बाळंतपणं झाली माझी. चारही वेळा आधी अख्ख्या गल्लीला कळलं, मग मला. आज तुम्ही थांबा."

बाक करकरला.

भाचीने बाळ सुनेच्या कुशीत दिलं. "मुलगी आहे. छान, ठणठणीत."

सून बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाहेर कुणालाच माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

"मग राहू दे ना थोडा वेळ," ती हसत म्हणाली. "आत्ता ही फक्त माझीच आहे."

भाचीने स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावून बसली.