वर गेलेला हात

तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत माझ्या भाचीने, सईने, सकाळी माइकसमोर उजवा हात वर करून शपथ वाचली, खिलाडूवृत्तीने खेळू म्हणून. दुपारी त्यांच्या सामन्यात चढाईला आलेल्या मुलीची बोटं सईच्या पाठीला निसटती लागली आणि ती मुलगी परत पळाली. पंचांना काही दिसलं नाही. सईने मात्र आपणहून हात वर केला आणि बाहेर जाऊन बसली. संघ एका गुणाने हरला.

शाळेचे सर तिच्यावर भडकले. “पंचांनी बाद दिलं होतं का? मग हा शहाणपणा कुणी सांगितला?”

“सर, पण लागला होता हात. आणि सकाळी शपथ...”

“शपथ सकाळी होती! मॅच दुपारी होती!”

आता यावर काय बोलायचं, कपाळ? खेळाने मुलं घडतात, असं प्रत्येक बक्षीस समारंभात पाहुणे सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. घडतात ना! रेषेबाहेरून मोठी माणसं जे ओरडतात, त्याने घडतात. आणि सरांनाच कशाला नावं ठेवू? सई बाहेर निघाली तेव्हा “अगं थांब, काही नाही लागलं!” असं पहिल्यांदा किंचाळले ती मीच.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांआधीही शपथ होती, आणि सरांनी पुन्हा तिलाच पुढे केलं. आवाज खणखणीत ना तिचा! माइक चालू आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं. तिने सरांकडे वळून विचारलं,

“सर, हात वर करू की नको?”