गाडी बंद करू नका

मी देवीवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक श्रद्धेनं डोंगर चढलेली असतात. मी सौंदत्तीच्या डोंगरावर गेले ती भांडायला. माझी आई निपाणीत माझ्याजवळ राहते. मी एकटी आहे, शाळेत शिकवते, आणि तिचं सगळं मीच करते. सकाळी तिची अंघोळ, वेणी, न्याहारी, मग शाळा, आणि परत आल्यावर पुन्हा तेच. अलीकडे तिची आठवण विरत चालली आहे आणि त्यात सगळ्यात आधी पुसली गेले ती मी. ती मला 'बाई' म्हणते, अहोजाहो करते. शेजारणीला सांगते, "ही बाई बरी हाय. सैपाक जरा अळणी करती, पन हाताची चोख हाय." पुण्याला राहणारा माझा धाकटा भाऊ मात्र सणावारी दारात उभा राहिला की तिचा चेहरा फुलतो. "माझा बाळू आला," म्हणते, आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, बाळूला चहा टाका की." मी चहा टाकते.

यल्लम्मा आमच्या घरची देवी. पाय चालत होते तोवर आई दर वर्षी तिच्याकडं जायची, लहानपणी मलाही न्यायची. आईची ही तऱ्हा सुरू झाली तेव्हा मी देवीला नवस बोलले होते, की एकदा तरी तिला माझ्या नावानं हाक मारू दे, मी तिला घेऊन तुझ्या पायाशी येते. देवीनं काही मनावर घेतलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढं पुढं त्यांना प्रवास झेपणार नाही. तेव्हा मी ठरवलं, नवस फळायची वाट कशाला बघायची, आपणच जाऊ. ज्या गाभाऱ्यापुढं तिनं माझा हात धरून मला उभं केलं होतं, तिथं तिच्या शेजारी उभी राहीन. तिथं तरी तिला माझी ओळख पटेल. पटली नाही तर देवीला तोंडावर विचारीन की माझं काय चुकलं.

भाऊ आणि भावजय मुद्दाम आले. आदल्या दिवशी घरात रेंज नाही म्हणून भाऊ अंगणात माझ्या गाडीत बसून ऑफिसशी बोलत राहिला, इंजिन बंद आणि एसीचा पंखा चालू. बॅटरी आधीच कुरकुरत होती. सकाळी गाडी कशीबशी सुरू झाली, पण संकेश्वरच्या पुढं चहाला थांबलो आणि नंतर चावी फिरवली तर नुसतं टक् टक्. माझा गुडघा दुखतो म्हणून मी क्लच नसलेली गाडी घेतली आहे, ती ढकलूनही चालू होत नाही. भाऊ म्हणाला, "आक्का, बॅटरी वेळेवर बदलायला काय होतं गं तुला?" मला बोलायचं पुष्कळ होतं. आईसमोर नको म्हणून गिळलं.

तेवढ्यात गूळ भरलेला एक पिकअप हॉटेलापाशी थांबला. चालवणाऱ्यानं आमचं बॉनेट उघडं बघितलं, सीटखालून वायरी काढल्या, त्याच्या बॅटरीतून आमच्या बॅटरीला जोडल्या आणि मला चावी फिरवायला सांगितलं. गाडी सुरू झाली. "आक्का, बॅटरीत जीव न्हाई," तो म्हणाला. "नवी घालूस्तोवर मधी कुठंबी बंद करू नका. बंद केलासा की बसलासा." चहासुद्धा न घेता तो निघाला. जाताना म्हणाला, "डोंगरावर चाललासा न्हवं? माझाबी नमस्कार घाला." मी त्याचं नाव विचारायचं विसरले, ही हळहळ अजून आहे.

बेळगावात बॅटरी बदलून घेऊ, असं मी म्हटलं. भाऊ म्हणाला, मंगळवार आहे, गर्दी वाढत जाईल, आधी दर्शन उरकू. उरकू हा शब्द माझ्या डोक्यात गेला. पण आई मागच्या सीटवर त्याचा हात धरून सुखात बसली होती, तिच्यासाठी मी गाडी तशीच डोंगरावर नेली.

वर गाड्यांची ही दाटी. इंजिन बंद करायची सोय नव्हती, म्हणजे कुणीतरी गाडीत बसायला हवं. भावाला गाडी चालवता येते. मी त्याला म्हणणार होते, की तू बस, मी आईला नेते. मी उतरून आईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. "बाळू, ही बाई कशाला? गाडी कोन बघनार मग?" भावानं माझ्याकडे बघितलं, मग भलतीकडेच बघितलं. "आम्ही पटकन येतो आक्का," म्हणाला. भावजयीनं नारळाची पिशवी घेतली आणि ती तिघं गर्दीत दिसेनाशी झाली.

मी पुन्हा गाडीत बसले. ज्या भेटीसाठी एवढा खटाटोप केला, ती माझ्याशिवाय चालली होती. इंजिन घरघरत होतं आणि मी स्टिअरिंग धरून रडत होते. कुणी बघतंय की नाही याचीही पर्वा नव्हती. इतकी वर्षं हिचं हगणं-मुतणं काढलं, आणि देवीच्या दारात मी कोण, तर ड्रायव्हर. माझ्या तोंडून त्या वेळी देवीबद्दल जे निघालं, ते इथं लिहिण्याजोगं नाही. एक जोगतीण गाड्यांमधून फिरत होती, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे परडीत बसवलेला पितळी मुखवटा. ती माझ्या काचेशी थांबली. "खाली उतरू नगंस," म्हणाली, "आई हितंच आलीया." प्रत्येक गाडीपाशी ती हेच म्हणत असणार, एवढं कळत होतं मला. तरी हात जोडले गेले. भांडायचं ठरवून आलेल्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आता तुझं तू बघ, मी दमले."

बऱ्याच वेळानं ती तिघं परत आली. आईचं कपाळ भंडाऱ्यानं पिवळं झालं होतं. ती तिच्या दाराकडे न जाता माझ्या खिडकीशी आली. "बाई, तुमी उपाशीच हाईसा न्हवं?" म्हणत तिनं मुठीतला प्रसाद माझ्या तोंडात घातला आणि उरलेला भंडारा माझ्या कपाळाला फासला, असा दाबून की थोडा डोळ्यात गेला. "म्या देवीला सांगितलंय," ती म्हणाली. "नाव ठाऊक न्हाई तुमचं. म्हनून म्हनलं, त्या गाडीवाल्या बाईचं बरं कर. लई करती ती माझं."

भाऊ मान खाली घालून उभा होता.

"तुमास्नी आई हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"मग आमच्यापायी तिला सोडून आलासा की हो. आता बिगी बिगी घरला जावा. वाट बघत असंल ती."

"जाते," मी म्हटलं.

परतताना बेळगावात नवी बॅटरी घातली. राग गेला असं म्हणणार नाही. भावावरचा आहे, आणि थोडा देवीवरचाही आहे. मी जे मागितलं होतं ते तिनं दिलं नाही, आणि जे दिलं ते मागायचं मला सुचलं नसतं. त्या गाभाऱ्यात आईनं पोटच्या पोरासाठी काय मागितलं, मला माहीत नाही. एका परक्या बाईसाठी मागितलं, ते मात्र मला मिळालं. त्याबद्दल मी हात जोडते. नवस मी मोडला नाही, फक्त पुन्हा बोलले नाही. आता सकाळी वेणी घालताना आई मधेच मान वळवून विचारते, "बाई, तुमची आई बरी हाय न्हवं?" मी तिची मान हळूच सरळ करते, पेड घट्ट आवळते आणि सांगते, "हाय बरी. देवीची कृपा."