ओळंब्याचा डबा

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, तो खाण्यापासूनच. दोन उकडलेली अंडी, एक उकडलेला बटाटा, मीठ बेताचं. चहा नाही. पाणी अर्धाच पेला, कारण एकदा शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसला की दुपारच्या भोंग्यापर्यंत खाली उतरायची सोय नसे.

कारखान्यात त्याला ओळंबा म्हणत. चार टनांचा लोखंडी ठोकळा क्रेनच्या आकड्याला टांगून तो शेडच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचा आणि जमिनीवरच्या रेघेवर असा उतरवायचा, की गवंड्याचा ओळंबाच सोडलाय. झोका म्हणून नाही.

ते नुसतं हाताचं कसब नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याच्या ध्यानात आलं, की आपण काय खाल्लं ते आकड्याला कळतं. तिसरा चहा झाला की क्रेनच्या दांड्यावरचा हात घाई करतो, भार झुलतो. भात पोटभर झाला की दोनच्या सुमाराला डोळे जड होतात, हात उशिरा थांबतो. तळलेलं खाल्लं की छातीत जळजळ, आणि मग समोर येईल त्याच्यावर खेकसणं. गोडाने तासभर उभारी येते, पुढचे दोन तास मन नुसतं बसून जातं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. खायचं, आकड्याकडे बघायचं, लक्षात ठेवायचं. बाधलं ते बंद.

एखाद्या दिवशी भार जरासा हलला, की खाली उभा राहून खुणा करणारा गडी ओरडायचा, "ए ओळंब्या, काल सासुरवाडीला जेवलास काय रे?"

"गोडाचे दोनच घास," हा वरून सांगायचा.

"मग दोन घासांपायी माझा भुगा करणार का?"

बाकीचे हसायचे. ओळंबा हसत नसे. खाली माणसं होती.

बायकोच्या हाताला चव होती. तिने केलेल्या दहा पदार्थांतले आठ तो बाजूला सारायचा. मुलीचं लग्न व्याह्यांच्या गावी झालं, तिथेसुद्धा स्वतःचा डबा घेऊन गेला, कारण दुसऱ्या दिवशी मोठं यंत्र उचलायचं होतं. व्याही म्हणाले, "आमच्याकडे काही कमी पडलं का?" त्याने खरं कारण सांगितलं. कुणाला पटलं नाही. मुलगी महिनाभर बोलली नाही.

छप्पन्नाव्या वर्षी त्याचा उजवा अंगठा हलू लागला. हात दांड्यावर नुसता टेकवलेला असताना. पुढे दांडा सोडायलाच उशीर होऊ लागला. भार रेघेच्या चार बोटं पुढे जाऊन थांबायचा. दुसऱ्या कुणी डॉक्टर गाठला असता. याने डबा तपासला. आधी कांदा बंद केला, मग दूध, मग अंडी.

"काल तेल जास्त घातलंस," तो बायकोला म्हणाला.

"तेल कुठलं? कढई कोरडी ठणठणीत आहे, बघा येऊन! हात तुमचा हलतो आणि खापर माझ्या स्वयंपाकावर. डॉक्टरकडे चला."

"डॉक्टरला काय कळतंय? तीस वर्षं मी माझ्या अंगावर लक्ष ठेवून आहे."

"मग हवा खा. तेवढी एकच राहिलीय."

तीन वर्षं अशी गेली. ताटात मऊ भात आणि उकडलेला भोपळा एवढंच उरलं. वजन चौदा किलोंनी उतरलं. अंगठ्याबरोबर आता मनगटही हलत होतं.

एका मंगळवारी भार खांबाला घासून गेला. खुणा करणाऱ्याने बाजूला उडी मारली म्हणून वाचला, गुडघा फुटला. या खेपेला तो ओरडला नाही. जमिनीवर बसून केबिनकडे नुसता बघत राहिला. फोरमनने किल्ली मागून घेतली. "हात दाखवून ये. मग बघू."

डॉक्टरने त्याला बोटांची उघडझाप करायला लावली, चालून दाखवायला लावलं. मग कंपवात म्हणून सांगितलं.

"काय काय सोडू?" त्याने विचारलं.

"काही नाही. सगळं खा."

"म्हणजे?"

"या थरथरीचा तुमच्या जेवणाशी संबंध नाही. उलट उपाशी राहून अंग खलास केलंत. औषध देतो, हात थोडा आवरेल. क्रेन मात्र विसरा."

त्या संध्याकाळी बायकोने कांदा परतला, बटाट्याचे काप तळले, गोड केलं, चहा ठेवला. वासाने शेजारीण डोकावली. "काय गं, कुणी पाहुणे आलेत का?"

तो ताटासमोर बसला. एकेक घास सावकाश चावला.

"कसं झालंय?" बायकोने विचारलं.

त्याने आणखी एक काप तोंडात टाकला. "मीठ घातलंस ना?"

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, या आजारात पुष्कळदा वास आधी जातो, हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी, आणि वासाबरोबर चवही. तुमचा कधी गेला? त्याला सांगता येईना. घासाघासावर पाळत ठेवून होता, पण ती पाळत खाल्ल्यानंतरची. तोंडात काय लागतंय, हे त्याने बघितलंच नव्हतं.  रस्त्यावर बायको म्हणाली, "म्हणजे तुम्ही खावं म्हणून मी इतकी वर्षं उगाचच भांडले."

क्रेन परत मिळाली नाही. मुदतीआधीच त्याला घरी बसवलं. वर्षभरात पेला ओठापर्यंत जाईना, मग घासही जाईना. बायकोने दीड वर्ष भरवलं. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. मग तिच्या खांद्याने साथ सोडली. आता सकाळ-संध्याकाळ एक बाई येते. ती भाजीभात एकत्र कुस्करते, त्याच्या हनुवटीखाली फडकं धरते आणि चमचा पुढे करते. फंडाचे पैसे तिच्या पगारात जातात.