वाटीभर अंधार

सर ओट्यावर यायचे, तळव्यानं डोळ्याच्या कडेला आडोसा करायचे आणि आमच्या खोल्यांच्या ओळीकडे बघून म्हणायचे, "थोडा अंधार द्याल का?" शेजारीण वाटीभर साखर मागते ना, तसं. आतून कोणीतरी बाई म्हणायची, "सरांना अंधार वाढा गं, वाटीभर." हसत हसत एकेका दारातला बल्ब बंद व्हायचा.

तुमच्या शेजारी पण असा एखादा असेल, ज्याला लोक वेडा म्हणतात आणि त्याचं ऐकतात पण.

सर कोकणातले. सिल्वासाला शाळेत विज्ञान शिकवायला आले, रिटायर झाले तरी गेले नाहीत. बायको नाही, पोर नाही. मी धुळ्याकडची. नवऱ्यासंगे धागा कंपनीत कामाला आले. तो छातीच्या आजारानं गेला. मग त्याच कंपनीत झाडू मारून मी पोरगा वाढवला. शाळा काही झाली नाही. सही येते, तेवढंच.

सरांनी दुर्बीण हातानं केली. ओट्यावर एक पिंप उपडं घातलं, त्यावर काचेची जाड चकती, तिच्यावर दुसरी चकती, मधी वाळूसारखी पूड आणि पाणी. घासायचे, थोडं फिरायचे, परत घासायचे. महिनोन्‌महिने पिंपाभोवती फेऱ्या. मी तांदूळ निवडत बसायची. म्हणलं, "सर, दळण किती राहिलं?"

"पीठ नको आहे ताई, खड्डा पाहिजे. नाण्याच्या जाडीएवढा."

वरच्या चकतीला तसा खड्डा पडला की मुंबईला पाठवून तिला चकाकी द्यायची, मग तिचा आरसा होतो आणि तो नळीच्या बुडाशी बसतो. दुर्बिणीत आरसा असतो हे मला तेव्हा कळलं. घासता घासता ते गोष्टी सांगायचे. परदेशात एकानं नळीत दोन भिंगं घालून गुरूकडे बघितलं, तर गुरूला चार चंद्र. तो आणखी बोलायला लागला तेव्हा त्यालाच घरात कोंडून घातलं. आपल्याकडे जयपूरला एका राजानं दगडाची यंत्रं बांधली, जिन्यासारखी, इमारतीएवढी उंच, सावलीवर वेळ सांगणारी. पुढं मोठमोठ्या दुर्बिणी आल्या, शहराशेजारी वेधशाळा झाल्या. मग शहरं वाढली, दिवे आले आणि वेधशाळा डोंगरावर पळाल्या.

मी म्हणलं, आमच्यासारखंच आहे मग. आम्ही पण पळतच आलो. ते घासायचे थांबले.

खोल्यांच्या मालकाला विचारून त्यांनी मागच्या मोकळ्या तुकड्यावर पत्र्याची खोली बांधली. छपराला खाली चाकं. ढकललं की छप्पर बाजूला. सर म्हणाले ही माझी वेधशाळा. बायकांनी तिचं नाव वेडशाळा पाडलं, आणि ते ऐकून सरच सगळ्यात जास्त हसले.

मला नेहमी बोलवायचे. "ताई, शनी आलाय, बघायला या."

"तो माझ्या मागंच आहे सर. त्याला आणखी काय बघू?"

"कडं घातलंय त्यानं. एकदा बघा तर."

मी म्हणायची उद्या. भांडी असायची, पाणी भरायचं असायचं, पाय दुखायचे. शनी मी कधी बघितला नाही.

मग ती थंडी आली. माझी सून रेखा कंपनीत पॅकिंगला जायची. सातला सुटायची, तोवर काळोख. सरांच्या त्या पत्र्याच्या खोलीजवळ रस्ता वळतो, तिथं एका मोटरसायकलवाल्यानं मागून तिची ओढणी धरली. ती पडली, कोपर फाटलं, आरडाओरड झाली तसा तो पळाला. दुसऱ्या दिवशी रेखा म्हणाली, आई, मी नाही जात. पोरगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घर तिच्या पगारावर चाललेलं.

मी विजेच्या ऑफिसात गेले. म्हणलं, वळणावर दिवा पाहिजे. ते म्हणाले, लाइन त्या पत्र्याच्या खोलीपाशी संपते, खांब तिथंच बसेल, ज्याची खोली आहे त्याला विचारून या. वायरमन म्हणाला, नाल्याच्या पलीकडून पण घेता येईल, पण त्याला जास्तीचे खांब लागतील, उन्हाळा जाईल. मी म्हणलं, तोवर पोर घरी बसेल.

सरांकडे गेले. ते मऊ फडक्यानं नळी पुसत होते. मी सगळं सांगितलं. आधी त्यांनी कोपराचं विचारलं, टाके पडले का. मग म्हणाले, "नाल्याच्या पलीकडे नाही का होणार?"

"होईल. उन्हाळ्यानंतर."

ते उठले, छप्पर ढकलून बंद केलं. आम्ही दोघं आत पत्र्याखाली उभे.

"तोवर तिनं अंधारात यायचं आणि मी तारे बघायचे, हे नाही जमणार ताई. सांगा त्यांना, हो म्हणालो."

नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायची तयारी करूनच गेले होते. ते हो म्हणाले, त्याचं काय करू?

दिवा लागला, पांढराफेक. रेखा कामावर जायला लागली. बायका सवयीनं चार दिवस दारातले बल्ब बंद करत होत्या, पण त्याचा काही उपयोग नव्हता. सर परत ओट्यावर अंधार मागायला आले नाहीत. चंद्राला दिव्याचं काही नाही, असं म्हणून पोरांना चंद्र दाखवायचे. तेव्हा मी गेले, न बोलावता. डोळा लावला. त्यांनी विचारलं काय दिसतंय. म्हणलं, खड्डे.

"आपल्या रस्त्यासारखे," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

मग नळी गोधडीत गुंडाळून ते खानवेलच्या बसनं जायला लागले, तिथून पुढं दुधनीला, धरणाच्या पाण्याकडे. तिकडे काळोख चांगला आहे म्हणायचे. कंडक्टर विचारायचा, सर, आज तोफ कुठं? त्या वयात, तेवढं वजन घेऊन. एका संध्याकाळी बसमधून उतरताना पाय सरकला. नळी छातीशी धरली होती, तिला काही झालं नाही. खुबा मोडला.

दवाखान्यात मी त्यांना म्हणलं, "सर, हे त्या दिव्यामुळे झालं."

"मोठमोठ्या वेधशाळा पळाल्या, ताई. मी खानवेलपर्यंत पळालो, एवढंच." मग म्हणाले, "रेखा वेळेवर येते ना घरी?"

म्हणलं, येते.

पुतण्या येऊन त्यांना कोकणात घेऊन गेला, नळी पण नेली. पुढच्या पावसाळ्यात सर गेल्याचा फोन आला. मला आज परत विचारलं तरी मी दिवा तिथंच मागेन. आणि तरी त्या वळणावरून जाताना मान वर होत नाही माझी.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या बायका आल्या. पत्र्याची खोली गंजली आहे, छप्पर आता सरकत नाही, तिच्या मागं अजून काळोख असतो. त्यांच्या पोरी पण कंपनीत जातात. म्हणाल्या, मावशी, तुम्हाला ऑफिसात बोलता येतं, चला आमच्यासंगे. एकीनं विचारलं, "तिथं खांब बसवायला कोणाला विचारायला लागेल का?"

"आता कोणाला नाही," म्हणलं. चप्पल घातली आणि निघाले.