शेठचे उष्टे मास्क

शेठनं पिशवी ओट्यावर उलटी केली. ऑफिसातल्यांनी वापरून टाकलेले पांढरे मास्क खाली पडले. एकावर पानाचा डाग, एकावर लाली. "घ्या गं, वाटून घ्या. उष्ट्याची सवय आहेच की तुम्हाला." ऑफिसातले हसले. आम्ही बाया वाकलो. माझी मायही वाकली.

पारोळ्याजवळची जिनिंग. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही दोघी यंत्रात कपाशी टाकायचो. रुई एकीकडे, सरकी एकीकडे, धूळ आमच्या नाकातोंडात. काचेआड बसणाऱ्यांना रोज नवा मास्क. आम्हाला शनिवारी त्यांचा उतरलेला.

माय मानी होती. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं कधी घरात येऊ दिलं नाही तिनं. पण छाती जड झालेली. सुट्टीनंतर कामावर गेली की जास्तच. मास्क घ्यावाच लागे. मग घरी नेऊन गरम पाण्यात, साबणाच्या चुऱ्यात घासायची. डाग जाईपर्यंत. "दुसरानं उष्टं मी तोंडले लावाव नही."

संध्याकाळी तोच मास्क काढून दाखवायची. बाहेरून कापसाचे तंतू चिकटलेले. "देख, बठ्ठं बाहेरच ऱ्हायनं." सगळी धूळ बाहेरच अडली, असं तिला वाटायचं.

तरी तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. बोलताना, झोपेत. त्याच हंगामात ती गेली. शिट्टी घरातच राहिली. कुणी नसलं की मला ऐकू यायची.

पुढच्या हंगामात जिनिंगची सरकारी तपासणी होती, म्हणून एक मॅडम मास्क कसा वापरायचा ते शिकवायला आल्या. मास्क हातात धरून म्हणाल्या, "कापसाचे मोठे तंतू साधं फडकंही अडवतं. डोळ्याला न दिसणारी धूळ अडते ती या कापडातल्या विजेमुळे. कंगवा केस ओढतो ना, तशी वीज. साबणानं धुतलं की ती जाते. तंतू बाहेर दिसत राहतात, बारीक धूळ सरळ आत."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. माय ऑफिसातल्यांची थुंकी धूत होती, आणि मास्कचा जीव धुऊन जात होता. कोरा दिला असता तर तिनं धुतला कशाला असता?

शेठ मागेच उभा होता. "यांना कशाला एवढं," म्हणाला.

शनिवारी पिशवी आली. मी ती उचलली, काचेचं दार ढकललं, त्याच्या टेबलावर ओतली. "आम्हाला कोरे पाहिजेत. रोज. कुणाच्या तोंडाला न लागलेले."

"माजलीस का?"

"हो."

त्यानं मला बाहेर काढलं. कामावरच्या दोघी बाया माझ्यामागून बाहेर आल्या. बाकीच्यांनी मान वर केली नाही. त्यांच्यावर राग नाही माझा, चूल त्यांनाही आहे.

परवा सकाळी पुन्हा शिट्टी ऐकू आली. घरभर शोधली. श्वास रोखला तशी थांबली. माझ्याच छातीत होती ती.

मी भ्याले. मग उठून जिनिंगच्या फाटकाशी जाऊन बसले. आजही बसलेय. कोरे मास्क मिळेपर्यंत उठणार नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकीला हात धरून सांगते, "अक्का, उष्टं धोऊ नको. लेऊच नको."