तांडेल मॅडमची धर्माई

तांडेल मॅडमनी मला पहिल्यांदा मारलं ते चिमट्यानं. मारलं म्हणजे खरोखरच मारलं, बोटांच्या पेरांवर, स्टीलच्या चिमट्याची मागची बाजू फिरवून. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात रुजू होऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. टेबलावरून एक मुंगी चालली होती, मी सवयीनं तिच्यावर अंगठा ठेवला, झालं! "मारायची तर नीट मार ना, बये!" त्या कडाडल्या. "डोकं चिरडलंस. आता हिला ओळखायचं कशावरून? तुझ्या अंगठ्यावरून?" मी पस्तिशीची, एका मुलाची आई, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. ही बाई ठार वेडी आहे असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढं आमची इतकी वर्षं सोबत गेली, पण ते मत काही मी पूर्णपणे बदललं नाही.

इंदू तांडेल भाईंदरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. आईबरोबर मासळीची पाटी डोक्यावरून वाहिली, तसंच कॉलेज केलं, आणि डॉक्टरेट केली ती कशावर? माशावर नाही, खेकड्यावर नाही, राजस्थानच्या वाळवंटातल्या मुंग्यांवर. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "जन्म सगळा ओला गेला. म्हटलं जरा कोरडं होऊन बघू." दर हिवाळ्यात जैसलमेर-बाडमेरकडच्या टेकाडांवर जायच्या आणि स्पिरिटच्या कुप्या भरून आणायच्या. मग कार्डाचा बारीक त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला डिंकाचा थेंब, थेंबावर मुंगी, त्रिकोणातून टाचणी, टाचणीखाली लेबल. मुंगी कुठली, कुणी पकडली, नाव काय. कमरेला गाठी किती, जबड्याला दात किती, डोक्यावर रेघा आहेत की गुळगुळीत, यावर त्या तासन्‌तास भांडायच्या, समोर कुणी नसलं तर स्वतःशी. कुपीत मुंगी टाकताना दर वेळी एकच वाक्य, देवळात म्हणावं तसं हळू: "माफ कर गो बाय. ओळख पायजे तर जीव घ्यायला लागतो."

वर्गात शुद्ध बोलायच्या. राग आला की कोळीवाडा बाहेर यायचा, आणि राग तर नाकावरच. भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या त्यांच्या सोसायटीनं एकदा औषध फवारणारा बोलावला. त्यानं मॅडमच्या दारातल्या कुंडीवर नळी धरली. कुंडीत मुंग्यांचं वारूळ होतं, मॅडम रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते बघत बसायच्या. त्यांनी नळी हिसकावली आणि थेट सेक्रेटरीच्या पायांवर औषध मारलं. तो बिचारा दोन पायऱ्या खाली उडी मारून ओरडला, "मॅडम, पागल हो क्या? चींटी के लिए?" मॅडम म्हणाल्या, "तेरे लिए कोई इतना करेगा क्या?" मला जेसल पार्कातल्या माझ्या घरून रिक्षानं धावत जाऊन भांडण सोडवावं लागलं, आणि सोडवताना माझ्याही चपलांवर औषध पडलं.

हा राग आला कुठून, ते मला त्यांच्या आईच्या घरी कळलं. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, हार घातलेला. धर्मा, मॅडमचा धाकटा भाऊ. जाळं कुणी कुठं लावायचं यावरून बंदरावर भांडण पेटलं, वल्ही निघाली, आणि धर्माच्या डोक्यात वल्हं घातलं ते सख्ख्या चुलत भावानं, जगननं. पडल्यावरही धर्मानं जगनचा पाय दातांत धरला होता. जीव गेला तरी जबडा सुटत नव्हता, तो बोटांनी उघडावा लागला. मॅडमनीच उघडला. जगन शिक्षा भोगून परत आला आणि त्याच गल्लीत जाळी विणायला बसू लागला. कोळीवाड्यात पाऊल टाकलं आणि तो दिसला, की मॅडमच्या हातात असेल ते त्याच्या अंगावर जायचं. नारळ, चप्पल, एकदा माझी छत्री. त्यानं कधी हात वर केला नाही. "अहो, भाऊ आहे ना तुमचा," मी एकदा बोलून गेले. मॅडम माझ्याकडे वळल्या. "मारणारा आपला नसतो, सामंत. त्याची जातच वेगळी. एका घरातले असते तर मारलं असतं काय?" हे वाक्य त्या पुढं अनेकदा बोलल्या, आणि दर वेळी तितक्याच ठामपणे.

तर आता ती सकाळ सांगते. जैसलमेरच्या पुढं, सीमेच्या अंगाला, एका टेकाडावर आम्ही दोघी. ऊन नुकतं चढत होतं आणि समोर वाळूत युद्ध चाललं होतं. देवाशपथ, मी तसं काही आधी पाहिलं नव्हतं. एका बाजूला मोठ्या डोक्याच्या मुंग्या, डोकं इतकं मोठं की तोल जावा. दुसऱ्या बाजूला बारक्या, गुळगुळीत डोक्याच्या, शेकड्यांनी. मोठी एका चाव्यात बारकीचे दोन तुकडे करत होती. मग चार बारक्या तिच्या चार पायांना लागायच्या आणि चार दिशांना ओढायच्या, पाय सांध्यातून निघेपर्यंत. काही मोठ्यांच्या पायाला नुसती बारक्यांची डोकी लटकत होती. धड कधीच तुटून गेलेलं, जबडा तसाच आवळलेला. मॅडम गुडघ्यांवर बसून बघत होत्या. एक तसलं डोकं लागलेली मोठी मुंगी त्यांनी चिमट्यानं उचलली आणि म्हणाल्या, "ही मोठी नवी दिसतेय. हिला धर्माचं नाव देणार."

मी म्हटलं, "मॅडम, दोन्हीकडची वारुळं खणून बघू या ना. आत काय आहे ते कळेल." सीमेचा भाग, दुपारच्या आत परत फिरायचं बंधन होतं, पण तासाभराचं काम होतं. त्या उसळल्या. "डोळे हायत ना तुला? दिसत न्हाय एकमेकींना फाडतायत त्या? ह्या दोन जाती. एक जात असती तर मारलं असतं काय?" कपाळ माझं! मी कुप्या भरल्या. मोठ्या एका कुपीत, बारक्या दुसरीत.

बारकी आधीपासून माहीत असलेलीच निघाली. मोठी मात्र कुणी वर्णन न केलेली. डोक्यावर बारीक रेघा, जबड्याचे दात बोथट, सगळंच वेगळं. मॅडमनी शोधनिबंध लिहिला, तो छापून आला आणि मुंगीला धर्माचं नाव मिळालं. लॅटिनच्या रीतीप्रमाणे शेवटी ईकार लागून ते झालं 'धर्माई'. कोळीवाड्यात सगळ्यांना ते देवीचंच नाव वाटलं. मॅडमच्या म्हाताऱ्या आयनं मुंगीचा मोठा केलेला फोटो धर्माच्या फोटोशेजारी टांगला आणि त्यालाही हार घातला. येईल त्याला सांगायची, "माजा पोर मेला न्हाय. जगातल्या पुस्तकात हाय त्याचा नाव." आमच्या मॅडम, ज्या कुणापुढं वाकल्या नाहीत, त्या दिवशी त्या फोटोंपुढं डोकं टेकून हमसाहमशी रडल्या.

काही वर्षांनी आम्ही परत त्याच टेकाडावर गेलो. धर्माईची राणी मिळाली नव्हती, ती हवी होती. या वेळी मॅडमनी स्वतः कुदळ घेतली. वारूळ उघडलं, आणि आत मोठ्या डोक्याच्या मुंग्या होत्या, त्यांच्या अंगाखांद्यावरून बारक्या धावत होत्या. त्याच त्या बारक्या, गुळगुळीत डोक्याच्या. मोठी दाणा फोडत होती, बारक्या तो पिल्लांना भरवत होत्या. तळाशी राणी एकच. मॅडमनी एक बारकी उचलली आणि पलीकडच्या दुसऱ्या वारुळाच्या तोंडाशी सोडली. तिथल्याही तसल्याच, जराही फरक नाही. तिथल्या मुंग्यांनी तिचा वास घेतला आणि बघता बघता तिची खांडोळी केली.

"एकाच आयची लेकरं," मॅडम म्हणाल्या. मग त्या सकाळी काय झालं होतं ते त्यांनी मला एकेक करून सांगितलं, कुणा दुसऱ्याच्या चुकीबद्दल बोलावं तसं. जात एकच. मोठी म्हणजे त्याच जातीतली शिपाई, आजवर कुणी न नोंदलेली. वारूळ नवं असलं की त्यात शिपाई नसतात, नुसत्या बारक्या. त्या सकाळी जुनं वारूळ शेजारच्या नव्या वारुळावर तुटून पडलं होतं. जुन्यातल्या बारक्याही त्या गर्दीत असणार, आम्ही सगळ्या बारक्या एकाच बाजूच्या धरल्या. "परक्यांचं युद्ध नव्हतं ते, सामंत. भाऊबंदकी होती." त्या वाळूत बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

मी म्हटलं, "राहू द्या ना. दुसरं कोण येतंय इथं खणायला? आयला काय सांगणार तुम्ही?" चिमटा खाडकन माझ्या पेरांवर बसला. दुसऱ्यांदा. "खोट्या नावानं जगवू त्याला?" एवढंच बोलल्या आणि कुपीत मोठ्या, बारक्या आणि राणी एकत्र घातल्या. माफ कर गो बाय म्हणाल्या.

धर्माई ही वेगळी जात नाही, नाव रद्द, असं त्यांनी स्वतःच लिहून छापायला दिलं आणि आम्ही कोळीवाड्यात गेलो. आयनं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरचा मुंगीचा फोटो ओढून काढला आणि लेकीच्या तोंडावर फेकला. काच फुटली, मॅडमच्या भुवईवर चांगली चीर पडली. "जगननं एकदा मारला माज्या धर्माला," म्हातारी किंचाळली, "तू दुसऱ्यांदा मारलास गो!" मॅडमनी रक्त पुसलंसुद्धा नाही. तशाच बाहेर पडल्या, मी मागं, रक्त पुसायला माझा पदर हातात धरून. गल्लीच्या टोकाला जगन जाळं विणत होता. मला वाटलं, आज हिच्या हातून खून होतो. त्यांनी त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि अशी ठेवून दिली की त्याच्या हातातली सुई उडून गटारात पडली.

"इतकी वर्षं परका समजून मारला तुला," मॅडम म्हणाल्या. "आज घरातला म्हणून मारला. माज्या घरातल्यानंच माजा भाऊ मारला, समजलं?" जगन पन्नाशीचा बाप्या, तो तिथंच बसला आणि पोरासारखा रडायला लागला. मीच शेवटी रिक्षा थांबवली आणि त्यांना टाके घालायला नेलं.

दुसऱ्या दिवशी भुवईवर पट्टी लावून त्या ड्रॉवर उघडून बसल्या. धर्माईच्या टाचणीवर त्यांनी खालून नवं लेबल चढवलं, खऱ्या जातीचं. मी विचारलं, "आणि जुनं? ते फाडायचं ना?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी आपली बोटं आधी टेबलाखाली घेतली. पण त्या रागावल्या नाहीत. "जुनं लेबल कधी काढत नसतात, सामंत. चुकलं तरी नाही. खाली नवं लावायचं, वरचं तसंच. आणि रद्द झालेलं नावही पुस्तकातून पुसत नाहीत. अमक्या जातीच्या खाली, चुकून दिलेलं नाव म्हणून कायम राहतं. त्या अख्ख्या भावकीत, म्हणजे जवळच्या सगळ्या जातींत, ते परत कुणाला देता येत नाही." हेच त्यांनी आयला जाऊन सांगितलं. म्हातारीला किती कळलं देव जाणे, पण तिनं मुंगीच्या फोटोला नवी काच बसवून घेतली.

मॅडम गेल्या त्या झोपेतच. इतक्या भांडकुदळ बाईला मरण असं बिनभांडणाचं यावं, याचा मला खरंच राग आला. त्यांना कोळीवाड्यात आणलं. तिरडी बांधून झाली आणि सगळे थबकले, कारण मडकं धरायला घरातला पुरुष कुणी नव्हता. जाणत्यांची कुजबुज सुरू झाली, कुणी लांबच्या मेहुण्याचं नाव घेतलं, कुणी शेजारच्याचं. जगन गल्लीच्या टोकाला भिंतीला टेकून उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत नव्हती.

आय उठली. काठी टेकत, कुणाचा हात न घेता ती त्याच्यापर्यंत चालत गेली, आणि होती नव्हती ती ताकद लावून तिनं त्याच्या कानाखाली वाजवली.

"उभा काय ऱ्हायलास?" म्हातारी म्हणाली. "मडकं उचल. घरात दुसरा हाय कोण?"

जगननं गालाला हातसुद्धा लावला नाही. तो पुढं झाला, मॅडमच्या पायांशी वाकला, आणि त्यानं मडकं उचललं.