डाव्या हाताचा रुमाल

लहान मुलांच्या शाळेत काम करणाऱ्या बाईकडे किस्से कसे साठतात ते सांगते. दुपारी घरी येऊन पदर झटकला की त्यातून खडूचा चुरा पडतो, एखादा चिंचोका पडतो, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण पडतं. किस्सेही तसेच. आपण गोळा केलेले नसतात, चिकटून आलेले असतात. बालमंदिरातले म्हणजे गोडच असणार, असं लोकांना वाटतं. हळदीकुंकवाला बायका म्हणतात, "सांग ना गं एखादी गंमत." मी दोन सांगते. तिसरी अजून कुणी मागितलेली नाही.

आमचं बालमंदिर डोंबिवलीत, स्टेशनापासून दहा मिनिटांवर, भातशेतांच्या कडेला. एक लांब पडवी, एक खोली, मागे विहीर. मोठ्या बाई मुख्य. त्यांच्या हाताखाली मी, म्हणजे मुलांची 'ताई'. आणि मुलांना घरून आणायला-पोचवायला कृष्णाबाई, दिवा गावाकडच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या.

मी ट्रेनिंग कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलेलं. तिथे आठ महिने आम्ही वहीत 'बालक हे उमलते फूल आहे' असं लिहीत होतो आणि आठ महिन्यांत एकही बालक पाहिलं नव्हतं. हे मी वर्गात उभं राहून बोलून दाखवलं. घरी वडील म्हणाले, "आता भांडी घास." मी बालमंदिर धरलं.

*

खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात मुंबईहून मागवलेली साधनं. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरं, बटणांची फ्रेम, गाठींची फ्रेम. गाठींची फ्रेम म्हणजे लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर आणि त्यांना नाड्या. मुलानं बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. बोटं अशीच शिकतात.

कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. मुलं हाताळतात आणि साधनं खराब होतात, हा त्यांचा अनुभव.

मुलं काचेला नाक लावून उभी राहत. काच धुरकट झाली की कृष्णाबाई पुसून घेत. एकदा मी विचारलंच, की बाई, हे सगळं मुलांसाठीच आणलंय ना?

"मुलांसाठीच आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून तर जपते."

*

बालमंदिराच्या कमिटीवर तात्या होते. निवृत्त हेडमास्तर, वय सत्तर. दर शनिवारी येत आणि खुर्चीत बसून मुलांचे आकडे ऐकत. बाळू नावाचा साडेचार वर्षांचा मुलगा एक ते शंभर धडाधड म्हणायचा, मध्ये श्वाससुद्धा घेत नसे. तात्यांचा लाडका.

एका शनिवारी तात्यांबरोबर दोन पाहुणे आले. तात्या म्हणाले, "बाळू, आतून तीन पाट आण." बाळूनं एक आणला. मग आणखी एक. मग आणखी. पाहुणे बसले, तरी त्याची ये-जा थांबेना. खोलीतले सगळे पाट संपल्यावर तो रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला आणि विचारू लागला, "झाले का तीन?"

मला वाटलं, आता तरी म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडेल. तात्या मोठ्या बाईंकडे वळले. "पोरगा हुशार आहे. पुढच्या वर्षी दोनशेपर्यंत घ्या."

*

नलूचे वडील मुंबईला कचेरीत. ती उठायच्या आत जात, ती झोपल्यावर येत, आणि रविवारी दिवसभर अंथरुणात पडून असत. एकदा शाडूमातीनं आपापले बाबा करायला सांगितले. नलूनं छान बाबा केले. नाक, मिशी, पायांवर मातीचंच पांघरूण. आडवे.

मोठ्या बाईंनी ते उचलून उभे केले. पडले. त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले. बाई वळल्यावर नलूनं त्यांना अलगद पुन्हा निजवलं आणि मला हळूच सांगितलं, "उभे राहिले की जातात."

त्या महिन्याच्या रिपोर्टात नलूपुढे शेरा आला, 'मातीकाम साधत नाही.'

*

आता मधू. खरं तर मला मधूचंच सांगायचंय, बाकीचं आठवलं म्हणून सांगितलं.

मधूला जूनमध्ये चार पुरी झाली. पडवीच्या फरशीवर खडूनं आगगाडी काढायचा. डाव्या हातानं. दारापासून सुरू करायचा तो डबे जोडत जोडत थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत. रांगत काढायचा आणि तोंडानं सारखं चालू, कुठल्या डब्यात कोण बसलंय, कुणाला खिडकी हवी, कुणाला ओकारी येतेय. एका डब्यात त्यानं मोठ्या बाईंना बसवलेलं आणि त्यांना कल्याणला उतरवून टाकलेलं. तोंड बंद म्हणून नाही. मी इतकं बोलणारं मूल पाहिलं नव्हतं.

श्रावणात त्याचे आजोबा आले. त्यांनी आगगाडीवर उभं राहून मोठ्या बाईंना सुनावलं, की तुमच्याकडे मूल पाठवायचं ते वळण लागावं म्हणून. "उद्या मुंजीत आचमन काय डाव्या हातानं घेणार?"

मुंजीला अजून चार वर्षं होती.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. मधू आला की त्याचा डावा हात पाठीमागे घ्यायचा आणि चड्डीच्या पट्ट्याला रुमालानं बांधायचा. सोडायचा तो घरी जाताना.

मी भांडले. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "ट्रेनिंग पुरं केलं असतंस तर तुझं ऐकलंही असतं."

म्हाताऱ्यांना नावं ठेवते आहे, तर हेही लिहायला हवं. रुमाल रोज मीच बांधत होते. गाठ सैल मारायचे. तेवढंच माझं बंड.

*

कृष्णाबाई एकट्या स्पष्ट बोलल्या. मोठ्या बाईंसमोर, पडवी झाडता झाडता, "माजा बापूस डाव्या हातान मीठ ओढायचा. जनम गेला त्याचा. मीठ काय गोड झाला नाय."

मोठ्या बाईंनी त्यांना कोपरा नीट झाडायला सांगितला.

*

बांधायला लागल्यावर आठवड्याभरात मधू अडखळायला लागला. शब्दाचं पहिलं अक्षर धरून बसायचा. घटस्थापनेच्या सुमाराला अडखळणं बंद झालं, कारण बोलणंच बंद झालं. खडू दिला की उजव्या हातात धरून नुसता बसायचा. दोनदा चड्डीत झाली, ती सांगता न आल्यामुळे. कृष्णाबाईंनी विहिरीवर नेऊन धुतलं.

मी रोज त्याच्याशेजारी फरशीवर बसायची. स्वतःच वाकडेतिकडे डबे काढायची आणि विचारायची, यात कोण रे बसलंय? तो डब्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. एक शब्द मिळावा म्हणून मी काय काय केलं, ते सांगायला लाज वाटते. बेडकाचा आवाज काढला. मोठ्या बाईंची नक्कल केली. हसला, पण तोंड मिटून.

दिवाळीच्या रिपोर्टात मोठ्या बाईंनी लिहिलं, 'मधू आता शांत झाला आहे.' आजोबांनी पेढे पाठवले. मला दोन आले. मी ते कावळ्याला घातले.

दिवाळीनंतर रुमाल बंद झाला, वळण लागलं म्हणून. मधूचा डावा हात मात्र पाठीमागेच राहू लागला. मी पुढे आणायचे, सोडलं की परत मागे.

*

मार्गशीर्षात ठाण्याहून इन्स्पेक्टर येणार होते. कपाट उघडलं! आठ दिवस रंगीत तालीम चालली. मुलांनी आपापल्या आवडीचं साधन मुक्तपणे निवडायचं, आणि कुणी काय मुक्तपणे निवडायचं याची यादी मोठ्या बाईंनी भिंतीला लावली. मधूला काही दिलं नाही. त्यानं खिडकीपाशी बसायचं होतं.

इन्स्पेक्टर भला माणूस दिसला. नलूजवळ उकिडवा बसला. तिच्यापुढे गाठींची फ्रेम.

"तुला हेच आवडतं का गं?"

"मला मनोरा आवडतो," नलू म्हणाली. "पण मनोरा आज बाळूला आवडतो."

तो हसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा प्यायला. त्याचा टांगा वळणावर दिसेनासा व्हायच्या आत कपाटाला कुलूप लागलं. सगळ्या गडबडीत मधू खिडकीतून उठून त्या फ्रेमजवळ आला होता. एक नाडी त्यानं उजव्या हाताच्या चिमटीत धरली होती. मोठ्या बाईंनी फ्रेम उचलली, तेव्हा नाडी त्याच्या बोटांतून सरकत गेली.

*

संक्रांतीला मधूच्या धाकट्या बहिणीचं बोरन्हाण होतं. दहा महिन्यांची पोर. बालमंदिराची सगळी मुलं बोलावली होती, मोठ्या बाईंना आणि मलाही. बाळीला काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार. पाटावर बसवली. आजोबा मधोमध खुर्चीत.

मधूच्या आईनं सूप रिकामं केलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे बाळीच्या डोक्यावरून पडले आणि सगळी मुलं तुटून पडली. मधू नाही. तो भिंतीशी उभा होता, डावा हात मागे. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. चार महिने होत आले होते त्याचा आवाज ऐकून.

बाळी दचकली, रडायच्या बेतात आली, मग तिला मांडीतलं एक बोर दिसलं. तिनं हात पुढे करून ते घट्ट धरलं. बायका हसल्या. "बघा बघा, कशी लबाड!"

हात डावा होता.

मधूनं तिच्या हाताकडे पाहिलं आणि खिशातून तोच रुमाल काढला. घडी केलेला, स्वच्छ. तो माझ्याकडे वळला आणि त्यानं तो माझ्या हातात दिला.

"ताई, तू बांध," तो म्हणाला. न अडखळता. "मला गाठ येत नाही."